इन्यो काउंटी (कॅलिफोर्निया): सोलापूर जिल्ह्याच्या पावणेदोन पट क्षेत्र आणि अवघी १९ हजार वस्ती. कारण निसर्ग की इतिहास?

होटगीकर

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात बारावीच्या वर्गाला भूगोल शिकवतो. लोकसंख्येचे वितरण हा घटक शिकवताना सहारा, सैबेरिया, गंगेचे खोरे अशी ठरावीक उदाहरणे देऊन पुढे जाण्यापेक्षा जगातला एखादाच जिल्हा घ्यावा आणि तिथली जमीन, पाणी, इतिहास व माणसे यांचा परस्परसंबंध मुलांकडूनच उलगडून घ्यावा, असे यंदा ठरवले आहे. त्यासाठी अमेरिकेच्या पश्चिम भागातील इन्यो काउंटी निवडली आहे.

इन्योचे क्षेत्रफळ सुमारे २६,५०० चौरस किलोमीटर आहे. कॅलिफोर्निया राज्यात सॅन बर्नार्डिनोच्या खालोखाल हीच सर्वांत मोठी काउंटी. आपला सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटरचा. २०२० च्या जनगणनेत इन्योची लोकसंख्या १९,०१६ भरली, तर २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची ४३ लाखांहून अधिक होती. आपल्याकडे एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी २९० माणसे राहतात. तिथे त्याच जागेत एक माणूसही पुरता भरत नाही.

‘पर्जन्यछायेतील वाळवंटी प्रदेश, म्हणून विरळ वस्ती’ असे स्पष्टीकरण मी वर्गात दिले. त्यावर मंगळवेढ्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले की, पाऊस तर आमच्याकडेही बेताचाच पडतो, तरी तिथे ज्वारी पिकते आणि गावे भरलेली आहेत, मग त्या काउंटीतच माणसे का राहिली नाहीत? प्रश्न रास्त आहे. शिवाय इन्योतून ओवेन्स नावाची नदी वाहते, तिला सिएरा नेवाडा पर्वतावरच्या बर्फाचे पाणी मिळते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या काठी सफरचंदांच्या व पेअरच्या बागा होत्या, असे वाचनात आले. मग ‘वाळवंट’ एवढे उत्तर पुरेसे कसे मानायचे? या विषयाचा ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सीनाकाठ

सर, आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा अर्धा भाग प्राकृतिक भूगोलातच सुटतो, म्हणून आधी तेवढाच भाग घेतो.

इन्यो हा एकसंध प्रदेश आहे असे समजून नकाशा पाहिला तर फसगत होते. पश्चिम सीमेवर सिएरा नेवाडाची भिंत उभी आहे आणि तिच्यातील माउंट व्हिटनी हे ४,४२१ मीटर उंचीचे शिखर, अलास्का सोडल्यास, अमेरिकेतील सर्वांत उंच आहे. त्याच काउंटीत पूर्वेला डेथ व्हॅलीतील बॅडवॉटर हा समुद्रसपाटीखाली ८६ मीटर असलेला, उत्तर अमेरिकेतील सर्वांत खोल भूभाग आहे. या दोन ठिकाणांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे १३५ किलोमीटर, म्हणजे सोलापूरहून बसने निघालेला माणूस भिगवणपर्यंतही पोहोचणार नाही. पॅसिफिक महासागरावरून येणारे वारे आपली बाष्पसंपदा सिएराच्या पश्चिम उतारावर रिकामी करतात, पूर्वेकडे कोरडेच उतरतात, आणि पुढे इन्यो, पॅनमिंट अशा एकामागून एक डोंगररांगा ओलांडताना उरलेसुरले बाष्पही गमावून बसतात. त्यामुळे ओवेन्स खोऱ्यातील इंडिपेंडन्स या गावी वर्षाला पाचएक इंच पाऊस पडतो आणि डेथ व्हॅलीत जेमतेम दोन इंच. सोलापूरची सरासरी यापेक्षा कितीतरी पट अधिक आहे. आपण ज्याला दुष्काळी वर्ष म्हणतो त्या वर्षाचा पाऊसही डेथ व्हॅलीला कैक वर्षे पुरेल. १० जुलै १९१३ रोजी तेथील फर्नेस क्रीक येथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जागतिक उच्चांक म्हणून आजही तेच मानले जाते.

दुसरी गोष्ट मातीची. मंगळवेढ्याची ज्वारी पावसावर जेवढी येते तेवढीच ती काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलाव्यावर येते. परतीच्या पावसानंतर पेरलेले पीक पुढे थंडीत त्या ओलीवरच तरते. इन्योच्या पूर्व भागात अशी माती नाही. तिथे ओढ्यांनी डोंगराच्या पायथ्याशी पंख्याच्या आकारात पसरलेली रेती, मिठाची पटांगणे आणि उघडे खडक आहेत. म्हणून काउंटीच्या पूर्वेकडील भागापुरते ‘निसर्गामुळे विरळ वस्ती’ हे उत्तर बिनदिक्कत द्यावे. तिथे माणसे आली ती खनिजांसाठी. डेथ व्हॅलीतून १८८३ ते १८८९ या काळात बोरॅक्स (टाकणखार) काढले जाई आणि खेचरांच्या लांबलचक तांड्यांनी ओढलेल्या अवजड गाड्यांतून ते सुमारे २६५ किलोमीटरवरील मोहावी रेल्वे स्थानकापर्यंत नेले जाई. खाण संपली की वस्ती उठायची, हा तिथला नेम.

ओवेन्स खोरे मात्र वेगळे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवरचा तो लांबट, सपाट पट्टा आहे. पाऊस नाही, परंतु सिएरावर हिवाळ्यात साठलेले बर्फ उन्हाळ्यात वितळून डझनभर ओढ्यांतून थेट खोऱ्यात उतरते. म्हणजे पाणी आकाशातून येत नाही, डोंगरातून येते, आणि पिकांना ज्या महिन्यांत हवे त्याच महिन्यांत येते. शेतीच्या दृष्टीने ही स्थिती आपल्यापेक्षा वाईट म्हणता येणार नाही. या पट्ट्यातील वस्ती का वाढली नाही, हे मात्र निसर्गाला विचारून कळणार नाही.

निवृत्त अभियंता, टेंभुर्णी

मी पाटबंधारे खात्यात उजनीवर नोकरी केली आणि त्या काळापासून ओवेन्स खोऱ्याचा विषय मनात घर करून आहे. सीनाकाठ यांनी जिथे सोडले तिथून पुढे लिहितो.

१९०० साली लॉस एंजेलिस शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख २ हजार होती आणि १९१० मध्ये ती ३ लाख १९ हजारांवर गेली. शहराजवळची नदी एवढ्या वाढीला पुरणारी नव्हती. शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन आणि पाणीपुरवठ्याचे मुख्य अभियंते विल्यम मुलहॉलंड यांची नजर ओवेन्स नदीवर गेली, ती एका साध्या कारणामुळे: नदी उंचावर होती आणि शहर खाली. एकही पंप न बसवता, केवळ उताराने, पाणी शहरापर्यंत नेता येणार होते.

त्याच सुमारास केंद्र सरकारचे नवे पाटबंधारे खाते ओवेन्स खोऱ्यातील शेतकऱ्यांसाठी सिंचन योजनेची पाहणी करत होते. खोऱ्यातील लोकांना वाटत होते की ईटन जमिनी व पाण्याचे हक्क घेत आहेत ते या योजनेसाठी, किंवा फार तर स्वतःच्या गुरांच्या कुरणांसाठी. त्या खात्याचे कॅलिफोर्नियातील अधिकारी जोसेफ लिपिनकॉट हे एकीकडे सरकारी पाहणी करत होते आणि दुसरीकडे शहराला सल्ला देत होते. १९०५ च्या जुलैअखेर वर्तमानपत्रात बातमी फुटली तेव्हा मोक्याच्या जमिनी शहराच्या पदरात पडलेल्या होत्या. सरकारी सिंचन योजना गुंडाळली गेली. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या पाठिंब्याने शहराला केंद्राच्या जमिनीतून कालवा नेण्याचा हक्क मिळाला. या व्यवहारात कायद्याचा भंग कितपत झाला यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण शेतकऱ्याला जमीन विकताना खरा खरेदीदार कोण हे ठाऊक नव्हते, ही गोष्ट मला कोणत्याही कायदेशीरपणाने झाकता येण्यासारखी वाटत नाही.

बांधकाम १९०८ ते १९१३ या काळात झाले. लांबी सुमारे ३७५ किलोमीटर. काही भाग उघडा कालवा, काही झाकलेला, डोंगर आला तिथे बोगदा, आणि खोल दरी आली तिथे पोलादी नळाचा उलटा सायफन, ज्यात पाणी एका बाजूने उतरते आणि स्वतःच्याच दाबाने दुसऱ्या बाजूला चढते. या नळांचे अवजड तुकडे वाळवंटातून ओढून नेताना तेव्हाची यंत्रे मोडत, म्हणून शेवटी खेचरेच जुंपावी लागली. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी शहराच्या वेशीवर दरवाजे उघडून पाणी धबधब्यासारखे सुटले. अभियंता म्हणून सांगतो, त्या काळच्या साधनांनी केलेले हे काम पाहून आजही मान आदराने लवते. आणि त्याच कामाने काय केले हे पाहून मन अस्वस्थ होते. या दोन्ही भावना माझ्या मनात एकत्रच राहत आल्या आहेत.

पहिली दहा वर्षे खोऱ्यातील शेती मोठ्या प्रमाणात चालू राहिली, कारण कालव्याचा उपसा सुरू होत होता तो नदीच्या खालच्या टप्प्यात. विशीच्या दशकात दुष्काळ पडला, शहर आणखी वाढले, आणि शहराने वरच्या भागातील जमिनी व पाटांचे हक्क सरसकट विकत घ्यायला सुरुवात केली. पाटावरचे पाच शेतकरी जमीन विकतात आणि सहावा विकत नाही, तेव्हा त्या सहाव्याला पाट दुरुस्त ठेवणे एकट्याने परवडत नाही. त्याच्यापर्यंत पाणी पोहोचणेच बंद होते. मे १९२४ मध्ये कालव्याला सुरुंग लावण्यात आला. १६ नोव्हेंबर १९२४ रोजी खोऱ्यातील माणसांनी अलाबामा गेट्स या ठिकाणी कालव्याच्या विसर्ग-दरवाजांचा ताबा घेतला आणि शहराकडे जाणारे पाणी चार दिवस जुन्या नदीपात्रात सोडून दिले. गावोगावच्या बायकामुलांनी तिथे येऊन चुली मांडल्या, सामुदायिक जेवणे झाली. सुरुंगांचे प्रकार १९२७ पर्यंत चालू होते. मात्र या आंदोलनाचे पुढारी असलेले वॉटरसन बंधू खोऱ्यातील बँकाही चालवत होते. ऑगस्ट १९२७ मध्ये त्या बँका बंद पडल्या, बंधूंवर अपहाराचा गुन्हा शाबित झाला आणि ठेवीदार शेतकऱ्यांची शिल्लक बुडाली. तिथेच प्रतिकार संपला. १९३३ पर्यंत खोऱ्यातील सुमारे ९५ टक्के शेतजमीन आणि गावठाणांतील सुमारे ८५ टक्के मालमत्ता लॉस एंजेलिसच्या नावावर झालेली होती.

ओवेन्स खोऱ्याला समुद्राकडे वाट नाही. नदी जिथे संपते तिथे सुमारे २८० चौरस किलोमीटरचे ओवेन्स सरोवर होते. नदीच वळवल्यावर ते विशीच्या दशकातच आटले आणि तळाशी उरले मीठ व सोड्याचे पीठ. वारा सुटला की ते उडत असे. श्वासातून फुप्फुसात जाणाऱ्या बारीक धुळीचा हा कित्येक वर्षे अमेरिकेतील एका जागचा सर्वांत मोठा स्रोत होता. आज शहराला त्या तळावर ठिकठिकाणी उथळ पाणी सोडावे लागते, कुठे खडी पसरावी लागते, कुठे खारे गवत लावावे लागते. या कामावर शहराचे दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाले आहेत. उथळ पाण्यामुळे पाणपक्षी पुन्हा मोठ्या संख्येने उतरू लागले आहेत, एवढी एक चांगली गोष्ट त्यातून निघाली.

होटगीकर

साहेब, आपले आणि सीनाकाठ यांचे मनःपूर्वक आभार. पाटावरच्या सहाव्या शेतकऱ्याची गोष्ट मुलांना समजावून सांगावी लागणारच नाही. त्यांच्यातील निम्मी मुले पाटकरी घरांतली आहेत. आता फळ्यावर मी असे लिहिले तर चालेल का: ‘लॉस एंजेलिसने पाणी नेले, त्यामुळे इन्यो काउंटी ओस पडली’? परीक्षेच्या दृष्टीने मुलांना एक ठाम विधान लागते.

सात रस्ता

सर, कृपया हे विधान फळ्यावर लिहू नये. ते ऐकायला नेमके वाटते, पण जनगणनेचे आकडे त्याला साथ देत नाहीत आणि आकडे हाताळायला शिकवणे हाच तर या घटकाचा हेतू आहे.

काउंटीची स्थापना १८६६ ची. १८७० मध्ये लोकसंख्या १,९५६ होती. पुढे १८८० मध्ये २,९२८, १८९० मध्ये ३,५४४, १९०० मध्ये ४,३७७ आणि १९१० मध्ये ६,९७४. सुरुवातीची वाढ खाणींची आहे. इन्यो पर्वतातील सेरो गोर्डो येथे १८६५ च्या सुमारास चांदी सापडली आणि तिथून चांदी-शिशाच्या विटा लॉस एंजेलिसकडे जाऊ लागल्या, म्हणजे त्या शहराच्या व्यापारालाही पहिला मोठा हात इन्योनेच दिला. १९०० नंतरच्या वाढीत शेती व बागायत यांचाही वाटा आहे. आता पुढचे आकडे बघावेत: १९२० मध्ये ७,०३१ आणि १९३० मध्ये ६,५५५. जमीन खरेदीच्या आणि सुरुंगांच्या त्या संपूर्ण दशकात काउंटीची लोकसंख्या पाचशेहूनही कमी घटली. १९४० मध्ये ती ७,६२५ झाली, १९५० मध्ये ११,६५८ आणि १९७० मध्ये १५,५७१.

मग पाण्याचा परिणाम झालाच नाही का? झाला, परंतु तो ‘ओस पडणे’ या स्वरूपाचा नाही. एक तर एकूण आकड्याच्या आत माणसे बदलली: शेतकरी कुटुंबे गेली, आणि कालव्यावरचे कर्मचारी, खाणकामगार, पर्यटकांसाठी खाणावळी व मुक्कामाची ठिकाणे चालवणारे लोक आले. बिशपजवळच्या पाइन क्रीक येथील टंगस्टनच्या खाणीचा चाळीशीच्या दशकातील वाढीत वाटा आहे. आणि दुसरे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: वाढीला कायमची मर्यादा पडली. काउंटीतील दोन टक्क्यांहूनही कमी जमीन आज खासगी मालकीची आहे. नव्वद टक्क्यांहून अधिक केंद्र सरकारची आहे, ज्यात डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यान, राष्ट्रीय वनक्षेत्र आणि अन्य सरकारी जमिनी येतात. सुमारे चार टक्के लॉस एंजेलिसची आहे, आणि हे चार टक्के नेमके खोऱ्याच्या तळाचे, पाण्याचे, म्हणजे राहण्या-पिकवण्याजोगे. त्या जमिनी शहर गुरे चारण्यासाठी भाडेपट्ट्याने देते. तरुण जोडप्याला घर बांधायचे असेल तर जागाच निघत नाही. २०१० मध्ये १८,५४६ आणि २०२० मध्ये १९,०१६ असा जो जवळजवळ थांबलेला आकडा दिसतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

वस्तीचा नकाशा काढला तर तो एका रस्त्यावर ओवलेला दिसेल. बिशप, बिग पाइन, इंडिपेंडन्स, लोन पाइन ही सगळी गावे ३९५ क्रमांकाच्या महामार्गावर आहेत. काउंटीत नगरपालिका असलेले शहर एकच, बिशप, आणि २०२० मध्ये त्याच्या हद्दीतील लोकसंख्या ३,८१९. हद्दीबाहेरची लगतची वस्ती धरली तर निम्म्याहून अधिक काउंटी बिशपच्या आसपासच राहते. मुख्यालय असलेले इंडिपेंडन्स हे तर आपल्याकडच्या एखाद्या छोट्या खेड्याएवढेच.

फळ्यावर लिहायचेच असेल तर असे लिहावे: ‘पूर्व भाग निसर्गामुळे विरळ, पश्चिम भाग जमीन व पाणी यांच्या मालकीमुळे विरळ.’

वैशाली, मूळची सोलापूरची

माझे माहेर सोलापुरात, सध्या वास्तव्य दक्षिण कॅलिफोर्नियात. सात रस्ता यांनी दिलेल्या आकड्यांबद्दल आदर ठेवून सांगते की, त्या जनगणनांमध्ये इन्योतील माणसांचे दोन मोठे समूह नीट दिसत नाहीत आणि त्यांच्याशिवाय हा अभ्यास पुरा होणार नाही.

पहिला समूह पाइयूट लोकांचा. गोरे वसाहतकार १८६० च्या आसपास खोऱ्यात आले, त्याच्या कितीतरी आधीपासून पाइयूट लोक सिएरातून उतरणाऱ्या ओढ्यांना बांध घालून, पाट काढून कुरणे भिजवत असत आणि त्यात वाढणारे खाद्य कंद व बिया गोळा करत. म्हणजे या खोऱ्यातील सिंचनाचा इतिहास मुळात त्यांचा आहे. वसाहतकारांची गुरे त्याच भिजवलेल्या कुरणांत शिरली आणि १८६१-६२ च्या कडक हिवाळ्यात उपासमार होऊ लागली तेव्हा पाइयूटांनी गुरे मारली. तिथून लढाई पेटली. ४ जुलै १८६२ रोजी सैन्याने तळ उभारला. इंडिपेंडन्स गावाचे नाव त्या तळावरूनच आले आहे. जुलै १८६३ मध्ये सुमारे एक हजार पाइयूटांना सैनिकांच्या पहाऱ्यात भर उन्हाळ्यात तीनशेहून अधिक किलोमीटर चालवत फोर्ट तेहोन येथे नेले. वाटेत कित्येक मेले, कित्येक निसटले, आणि बरेचजण पुढे आपल्या खोऱ्यात परत आले. त्या काळच्या जनगणनेत कर न भरणाऱ्या मूळ रहिवाशांना मोजतच नसत. त्यामुळे १८७० चा १,९५६ हा आकडा त्या वर्षी खोऱ्यात राहत असलेल्या सगळ्या माणसांचा समजू नये.

परतलेले पाइयूट गोऱ्यांच्या शेतांवर मजुरी करू लागले. शहराने शेते विकत घेतली तेव्हा ही मजुरीही गेली. १९३७ च्या कायद्याने केंद्र सरकारने त्यांच्याकडील सुमारे २,९०० एकर जमीन लॉस एंजेलिसला देऊन बदल्यात सुमारे १,४०० एकर घेतली, आणि तिच्यावर बिशप, बिग पाइन व लोन पाइन येथील आजच्या पाइयूट वस्त्या वसल्या. जमिनीची अदलाबदल झाली, पाण्याच्या हक्काचा निकाल मात्र लागला नाही, आणि ती मागणी आजही सुरू आहे. डेथ व्हॅलीत टिंबिशा शोशोनी लोक राहतात. त्यांच्या पिढ्यानपिढ्यांच्या जागेवर १९३३ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाले, १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि त्यांना त्यांची काही जमीन कायद्याने परत मिळाली ती थेट २००० साली. २०१० च्या जनगणनेत काउंटीतील सुमारे ११ टक्के लोक मूळ अमेरिकी होते. कॅलिफोर्नियातील काउंट्यांमध्ये हे प्रमाण बरेच मोठे आहे. लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक तेव्हा सुमारे १९ टक्के होते.

दुसरा समूह मॅन्झनारचा. इंडिपेंडन्स आणि लोन पाइन यांच्या मधोमध १९१० पासून सफरचंद व पेअर पिकवणारे मॅन्झनार नावाचे गाव होते. शहराने जमिनी घेतल्यावर ते उठले. १९४२ मध्ये पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर सरकारने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना, त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक असताना, घरेदारे सोडायला लावून छावण्यांत डांबले, आणि त्यांतील एक छावणी या ओसाड बागांच्या जागी, लॉस एंजेलिस शहराच्या जमिनीवर उभी केली. तिथे एका वेळी दहा हजारांहून अधिक माणसे होती. काउंटीची १९४० ची लोकसंख्या ७,६२५, हे वर आलेच आहे. म्हणजे काटेरी तारेच्या आतल्या सुमारे एक चौरस मैल जागेत बाहेरच्या साऱ्या काउंटीपेक्षा अधिक लोक राहत होते. छावणी नोव्हेंबर १९४५ मध्ये बंद झाली. दर दहा वर्षांच्या जनगणनेत १९४० नंतर थेट १९५० येते. इन्योच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी वस्ती दोन जनगणनांच्या मधे उभी राहिली आणि मधेच संपली. सर, मुलांना लोकसंख्येचा आलेख काढायला सांगाल तेव्हा या तीन वर्षांकडे त्यांचे लक्ष जरूर वेधावे.

मी ती जागा पाहिली आहे. लाकूड व डांबरी कागदाच्या बराकी नंतर विकल्या-मोडल्या गेल्या. जमिनीत उरले ते सिमेंटचे चौथरे आणि बंदिवानांनी दगड रचून केलेल्या बागा व कोरडी तळी. त्यांनी जुन्या गावाची पेअरची झाडे छाटून, पाणी घालून पुन्हा फळाला आणली होती. त्यांतील काही झाडे अजून उभी आहेत. १९९२ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. लोन पाइनच्या उत्तरेला याच रस्त्यालगत एक सामुदायिक थडगेही आहे. २६ मार्च १८७२ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात लोन पाइनमधील मातीची जवळजवळ सगळी घरे कोसळून २७ माणसे गेली, त्यांतील काहींना तिथे एकत्र पुरले आहे. मातीच्या घरांचे काय होते हे किल्लारीनंतर सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

होटगीकर

ताई, मॅन्झनारचा मुद्दा माझ्या टिपणात मुळीच नव्हता, त्याबद्दल आपला ऋणी आहे. सात रस्ता यांनी सुचवलेले विधानच फळ्यावर घेतो. आता एक शेवटची शंका, अभियंता साहेबांसाठी. मुले लगेच उजनीशी तुलना करतील. ती करू द्यावी का?

निवृत्त अभियंता, टेंभुर्णी

करू द्यावी, पण दोन फरक आधी सांगून.

उजनीत जमिनी गेल्या त्या पाण्याखाली, करमाळा, इंदापूर, दौंडकडच्या. विस्थापितांचे दुःख फार मोठे आहे आणि त्यांतील अनेकांचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. ओवेन्स खोऱ्यात जमीन कोरडीच राहिली, तिच्यावरचे पाणी तेवढे गेले. दुसरा फरक खोऱ्याचा. उजनीचे पाणी बोगद्याने सीनेत नेले तरी सीना पुढे भीमेलाच मिळते, आणि सोलापूर शहराला नळाने दिलेले पाणी वापरून झाल्यावर नाल्यांवाटे याच खोऱ्यात राहते. ओवेन्सचे पाणी आपले खोरे सोडून पर्वतांपलीकडे गेले, ते परत येण्याचा मार्गच नाही. त्यामुळे आपल्याकडे भांडण वाटपाचे आहे, वरच्यांनी किती आणि खालच्यांनी किती. तिथे ते मूळ पाण्याच्या अस्तित्वाचेच होते.

यानंतर मुलांना पुढचा टप्पाही सांगावा, कारण गोष्ट १९२७ ला संपत नाही. शहराने १९७० मध्ये दुसरी जलवाहिनी सुरू केली आणि वाहून नेण्याची क्षमता निम्म्याहून अधिक वाढली. ती भरण्यासाठी खोऱ्यातील विहिरींतून भूजलाचा उपसा वाढवला गेला. झरे आटले, पाण्याच्या पातळीवर जगणारी कुरणे वाळली. या वेळी काउंटीने सुरुंग लावले नाहीत. १९७२ मध्ये तिने राज्याच्या नव्या पर्यावरण कायद्याखाली न्यायालयात दावा लावला. तो वर्षानुवर्षे चालला आणि १९९१ मध्ये शहर व काउंटी यांच्यात दीर्घकालीन करार झाला. करारानुसार ठरावीक जागी वनस्पती आणि मातीतील ओल मोजली जाते, आणि ओल मर्यादेखाली गेली तर त्या जागेशी जोडलेले पंप बंद ठेवावे लागतात. आपल्याकडे भूजलाची पातळी मोजली जाते, पण तिच्यावर एखाद्याचा पंप आपोआप थांबावा अशी तरतूद मी माझ्या नोकरीत कुठे पाहिली नाही, म्हणून हे कलम मला विशेष अभ्यासण्यासारखे वाटते. उपसा अजूनही जास्त होतो, अशी खोऱ्यातील लोकांची व पाइयूटांची तक्रार कायम आहे. पंप चालू ठेवायचा की नाही यावर दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ वारंवार भांडतात, पण निदान दोन्ही बाजू एकाच मोजमापावर भांडतात.

त्याच वाटाघाटींतून कालव्याच्या उपशाखालच्या सुमारे १०० किलोमीटर कोरड्या नदीपात्रात डिसेंबर २००६ पासून पुन्हा पाणी सोडले जाते. प्रवाह लहान आहे, आणि सरोवराजवळ पोहोचल्यावर त्यातील बरेचसे पाणी पंपांनी उचलून पुन्हा कालव्यात किंवा धुळीच्या कामाला घेतले जाते. तरीही पात्रात लव्हाळी आली आहेत, मासे आले आहेत. वर्गात नकाशा लावाल तेव्हा हा टप्पा कोरडा दाखवणारे जुने नकाशे टाळावेत.